विश्लेषण : तोरणमाळच्या डोंगरात साधी दुखापतही जिवावर का बेतते?

ऑक्टोबर २०२५ मधली धनत्रयोदशी. नंदुरबार जिल्ह्यातील अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप गाडी चांदशैली घाटात उलटली आणि आठ जणांचा मृत्यू झाला. यात्रेचा डोंगर मागे पडला होता, घात झाला तो परतीच्या रस्त्यावर. सातपुड्यातील तोरणमाळ, अस्तंबा आणि अक्राणीच्या डोंगरांकडे पर्यटक, ट्रेकर आणि यात्रेकरूंचा ओघ असतो. डोंगरातील अपघात म्हटले की कड्यावरून कोसळणे डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात बहुतेक दुखापती साध्या असतात आणि टाळताही येतात. त्यातल्या काही जिवावर बेततात त्या जखम मोठी असते म्हणून कमी, आणि मदत लांब असते म्हणून अधिक.

तोरणमाळचा डोंगर सह्याद्रीपेक्षा वेगळा कसा?

तोरणमाळ हे समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर उंचीवरचे पठार. यशवंत तलाव, गोरखनाथाचे मंदिर, सीताखाई, खडकी पॉइंट ही इथली नेहमीची ठिकाणे. महाशिवरात्रीला गोरखनाथाची मोठी यात्रा भरते. पठारावर वावरताना आपण डोंगरात आहोत हे फारसे जाणवत नाही. कडेला गेल्यावर मात्र जमीन एकदम संपते आणि खाली खोल दरी दिसते. येथील अनेक अपघातांची शक्यता या ‘एकदम संपण्या’त आहे. सपाटीवर चालणारा माणूस सावध नसतो.

येथून जवळच, धडगाव म्हणजे अक्राणी तालुक्यात, १३२५ मीटर उंचीचे अस्तंबा शिखर आहे. महाराष्ट्राच्या हद्दीतील सातपुड्याचे हे सर्वोच्च टोक. धनत्रयोदशीपासून येथे अश्वत्थाम्याची यात्रा भरते. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून लोक येतात. बरेच जण रात्रीच चढायला लागतात. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरणारा अश्वत्थामा इथे वाट चुकलेल्यांना वाट दाखवतो, अशी श्रद्धा आहे. बरी न होणाऱ्या जखमेची कथा ज्या डोंगराशी जोडलेली आहे, तिथेच दर वर्षी हजारो लोक अंधारात, चपला घालून चढतात. गिर्यारोहण क्लबांच्या नोंदीत ही चढाई येत नाही, पण चढणाऱ्यांची संख्या पाहिली तर ही महाराष्ट्रातील मोठ्या सामूहिक डोंगरचढायांपैकी एक ठरावी.

खडक सह्याद्रीसारखाच, लाव्हारसाच्या थरांचा बेसॉल्ट. या खडकाचा एक थर लोखंडासारखा कठीण असतो, तर त्याखालचा हाताने भुगा होईल इतका मऊ. मऊ थर झिजला की वरचा कठीण दगड अधांतरी राहतो आणि पकड म्हणून हात घातला की तोच निखळून येतो. उतारावर या झिजेतून मुरूम आणि सुटे खडे साचतात. ट्रेकर त्याला ‘घसारा’ म्हणतात. पावसाळ्यात तो ओल्या मातीने धरून ठेवलेला असतो. ऑक्टोबरमध्ये माती सुकते, वर वाळलेल्या गवताची चादर पसरते आणि पायाखाली छर्रे ठेवावेत तशी अवस्था होते. अस्तंब्याची यात्रा नेमकी याच दिवसांत येते.

आणि अंतर. तोरणमाळहून शहादा पन्नास किलोमीटरहून जास्त, तिथून नंदुरबार आणखी चाळीस. प्राथमिक उपचार जवळ मिळाले तरी डोक्याला मार लागलेल्या किंवा पोटात रक्तस्राव होत असलेल्या जखमीला मोठे रुग्णालय गाठायचे तर नंदुरबार किंवा धुळे. ही अंतरे गाडीरस्ता गाठल्यानंतरची आहेत. त्याआधीचे दोन-तीन तास झोळीत किंवा खांद्यावर जातात. सप्टेंबर २०२१ मध्ये दरड कोसळून चांदशैलीचा रस्ता बंद झाला, तेव्हा आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन पायी निघालेल्या पतीला तिला वाचवता आले नाही. ती घटना गिर्यारोहणाची नव्हती. तरीही या डोंगरात पाय मोडण्याचा अर्थ काय, हे तिच्यावरून जितके कळते तितके कोणत्याही सुरक्षा पुस्तिकेतून कळणार नाही.

दुखापती नेमक्या होतात केव्हा?

उतरताना. हे उत्तर बहुतेकांना पटत नाही, कारण दम चढताना लागतो, भीतीही चढतानाच वाटते. ऑस्ट्रियातील आल्प्स पर्वतात पायी फिरणाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास झाला, तेव्हा पडण्याच्या घटनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश उतारावर घडल्याचे दिसले. आल्प्स आणि सातपुडा यांत फरक पुष्कळ असला तरी गुडघे सगळीकडे सारखेच.

चढताना मांडीचा स्नायू आखडत शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेकचे काम करतो. दर पावलाला शरीराचे वजन थांबवायचे, तेही आधीच थकलेल्या पायांनी. या ताणाने स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखतात त्या यामुळेच. पण त्याचा खरा परिणाम डोंगरातच झालेला असतो. स्नायूंनी साथ सोडली की गुडघा लचकतो, पाऊल पडायला हवे त्यापेक्षा दोन बोटे पुढे पडते आणि घसाऱ्यावर ती दोन बोटे पुरतात. त्यात दुपार उलटलेली, पाणी संपत आलेले, शिखराचे फोटो काढून झाल्याने मन घरी पोहोचलेले आणि शेवटची एसटी चुकण्याची धास्ती. घाई आणि थकवा एकत्र आले की मुरगळणारा घोटा ही जवळपास ठरलेली गोष्ट.

घोट्याची दुखापत ट्रेकमध्ये सर्वाधिक आढळते. पाऊल आतल्या बाजूला दुमडते आणि घोट्याच्या बाहेरचे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात. ज्याचा घोटा पूर्वी मुरगळला आहे त्याचा पुन्हा मुरगळण्याची शक्यता बरीच जास्त असते. सूज उतरली तरी तोल सावरण्याची शरीराची सवय बिघडलेली असते. त्यावरचा उपाय फुकट आहे. दात घासताना एका पायावर उभे राहायचे, अर्धा मिनिट डावा, अर्धा मिनिट उजवा. जमू लागले की डोळे मिटून. तोल साधण्याच्या अशा व्यायामाने पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण कमी होते, हे क्रीडावैद्यकात पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. घोट्यापर्यंतचा महागडा बूट घेणारे पुष्कळ भेटतात, हा व्यायाम करणारे कमी.

मांड्यांसाठी जिना पुरतो, पण चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव हवा. ट्रेकच्या तीन-चार आठवडे आधीपासून आठवड्यातून दोन-तीनदा सावकाश जिना उतरला तरी स्नायू त्या ब्रेकच्या कामाला सरावतात. उतारावर दोन काठ्या वापरल्याने गुडघ्यावरचा भार कमी होतो, काही प्रयोगांत तर ही घट एक चतुर्थांशापर्यंत दिसली आहे. सातपुड्यातला माणूस हातात काठी घेऊन चालतो त्यामागे प्रयोगशाळा नसली तरी हिशेब तोच. पाठीवरचे ओझे हलके ठेवणे, पाऊल छोटे टाकणे, गुडघा किंचित वाकलेला ठेवणे आणि घसाऱ्यावर एकामागोमाग एक अशी सरळ रांग न लावता तिरके उतरणे, हे बाकीचे. सरळ रांगेत वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात बसतो. दगड सुटला की गप्प न राहता ‘दगड!’ असे ओरडायचे आणि खालच्याने वर न पाहता कड्याला चिकटायचे, हा गिर्यारोहकांचा शिरस्ता यात्रेच्या गर्दीत कुणी शिकवत नाही.

मग सर्वात धोकादायक टप्पा कोणता?

बहुधा गाडीचा. चांदशैलीची घटना अपवाद नाही. जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळजवळच्या खडकी घाटात मजुरांना घेऊन जाणारी गाडी दरीत कोसळली आणि त्यात किमान सहा जणांचा बळी गेला. या दोन्ही घटनांतील माणसे गिर्यारोहक नव्हती, पण डोंगर तोच होता. ट्रेकचे नियोजन करताना दोर, बूट, पाणी यांची यादी होते, मात्र रात्रभर जागून घाट चढणाऱ्या चालकाचा विचार कुणी करत नाही. मुंबई-पुण्याकडून निघणारे गट शुक्रवारी रात्री निघतात, पहाटे पायथा गाठतात, दिवसभर चढतात आणि त्याच रात्री परतीला लागतात. गाडी चालवणाराही अनेकदा ट्रेकमधलाच असतो.

मालवाहू पिकअपमध्ये उभे राहून प्रवास करणे हा या भागात नाइलाज आहे, हौस नाही. यात्रेच्या दिवसांत पुरेशा बस नसतील तर माणसे मिळेल त्या वाहनात चढणारच. पण अशा गाडीत उभ्या माणसांमुळे गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर सगळे एका बाजूला झुकतात आणि गाडी उलटायला तेवढे पुरते. उलटल्यावर पट्टा नाही, छत नाही. म्हणून अस्तंब्याच्या यात्रेतील दुखापती कमी करायच्या तर पहिला उपाय शिखरावर सापडणार नाही. तो आहे तळोदा आणि धडगावच्या बस स्थानकांवर.

दोर लावून चढणाऱ्यांचे काय?

प्रस्तरारोहणात धोका मोठा, पण तो मोजून-मापून घेतलेला असतो. म्हणूनच तिथे अपघात झाला की धक्का अधिक बसतो. १८ जानेवारी २०२० रोजी ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंगच्या मोहिमेत मृत्यू झाला. सह्याद्रीतील कडे अनेकांना दाखवणारा, कित्येक वर्षांचा अनुभव असलेला माणूस. २६ जानेवारी २०२२ रोजी मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडीवर नगरहून आलेल्या गटातील दोघांचा मृत्यू झाला. सुळका चढून झाला होता, उतरणे बाकी होते.

दोन्ही घटना चढाईच्या नव्हत्या. रॅपलिंग, म्हणजे दोरावरून उतरणे, दिसायला सोपे असते. पर्यटकांना ते ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणून विकलेही जाते. वास्तविक चढताना चढणाऱ्याचा हात-पाय खडकावर असतो, दोर फक्त राखणीला असतो. रॅपलिंगमध्ये माणसाचे संपूर्ण वजन दोर, मेख, गाठ आणि हार्नेस या साखळीवर असते. त्यातील एक कडी चुकली तर सावरायला दुसरे काही नसते. आणि सगळ्यात मोठी गफलत होते ती कड्याच्या काठावर, साधन लावण्याच्या आधी किंवा काढून ठेवल्यानंतर, ‘दोनच पावले’ चालताना.

यावरचे उपाय गिर्यारोहण संस्थांच्या प्राथमिक शिबिरात शिकवले जातात आणि ते कंटाळवाणे आहेत, हीच अडचण. दोर एका मेखेवर न लावता किमान दोन स्वतंत्र आधारांवर लावायचा. दोराच्या खालच्या टोकाला जाड गाठ मारायची, म्हणजे दोर अपुरा पडला तरी उतरणारा टोकावरून निसटत नाही. उतरण्याच्या साधनासोबत प्रुसिक गाठीचा जादा आधार ठेवायचा, जेणेकरून डोक्यात दगड बसून हात सुटला तरी माणूस जागीच थांबेल. कड्याच्या काठापासून काही अंतरावरच स्वतःला बांधून घ्यायचे, नंतरच काठाकडे जायचे. आणि प्रत्येक वेळी जोडीदाराने एकमेकांचा हार्नेसचा बकल, गाठ, कॅराबिनरचे कुलूप हात लावून तपासायचे. अनुभवी माणसाचे तपासायला संकोच वाटतो. तो संकोच गटाच्या म्होरक्याने स्वतः पुढे होऊन मोडायचा असतो.

हेल्मेटबद्दल आता वाद उरायला नको. तीन मीटरवरून पडलेला माणूस जमिनीवर ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने आदळतो. दुचाकीवर त्या वेगाला आपण हेल्मेट मागतो. तोरणमाळच्या दऱ्यांत वरून माकडांनी किंवा शेळ्यांनी पाडलेला दगडही पुरेसा आहे.

दोरावर लटकून राहण्याचा धोका फारसा माहीत नसतो. हार्नेसमध्ये पाय न हलवता लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांतही शुद्ध हरपू शकते. म्हणून अडकलेल्याने पाय हलवत राहायचे, कड्यावर रेटायचे, दोराचा फास करून त्यात पाय रोवायचा. खाली उतरवल्यावर अशा माणसाला अर्धा तास बसवून ठेवावे, असा सल्ला पूर्वी दिला जाई. तो आता मागे पडला आहे. त्याला लगेच आडवे झोपवायचे आणि श्वास व नाडी पाहायची.

शहरांतील कृत्रिम भिंतींवर चढणाऱ्या मुलांचा प्रश्न निराळा. टोकियो ऑलिम्पिकपासून हा खेळ अधिकृत झाला, आणि त्याचे आकर्षणही वाढले. इथे पडण्यापेक्षा बोटे जातात. लहान कंगोऱ्यावर बोटे दुमडून लटकताना बोटाचा कंडरा हाडाशी धरून ठेवणारी पट्टी फाटते, अनेकदा ‘टक्’ असा आवाज येतो. वाढीच्या वयातील मुलांत हाडाच्या वाढीच्या भागालाच तडा जाऊ शकतो. बारा ते सोळा वयाच्या मुलाचे बोट चढाईनंतर दुखत राहिले तर तेल चोळून पुन्हा भिंतीवर पाठवणे ही चूक ठरते. चढणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायला हवे.

ऊन, पाऊस आणि आग्या मोहोळ

तोरणमाळ थंड हवेचे ठिकाण असले तरी पायथ्याचे तापीखोरे एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडते. पायथ्यापासून चढायचे तर सकाळी दहाच्या आत चढ संपायला हवा. नुसते पाणी पीत राहणेही पुरत नाही. घामातून गेलेले मीठ भरून काढायला लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस लागते. माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला तर तो थकवा नसून उष्माघात आहे असे समजायचे, सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचे आणि वारा घालायचा. पावसाळ्यात उलट. भिजलेले कपडे आणि पठारावरचा वारा एकत्र आला की तापमान पंधरा-सोळा अंश असले तरी अंगातील ऊब झपाट्याने जाते. पाठपिशवीत प्लास्टिकमध्ये बांधलेला कोरडा जोड नसेल तर पावसाळी ट्रेकला निघू नये.

आग्या मोहोळ कड्यांच्या कपारीत असते. धूर, अत्तर आणि आरडाओरडा त्याला खवळवतो. हल्ला झाला तर हात झटकत उभे न राहता डोके-चेहरा झाकून शक्य तितके दूर पळायचे, पण कड्याच्या काठाकडे नाही. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला तर वेळ दवडण्यात अर्थ नाही. सर्पदंशात चिरणे, चोखणे, आवळून बांधणे हे सगळे घातक. दंशाचा अवयव हलू न देता जखमीला उचलून न्यायचे. त्याला चालवायचे नाही.

जखमीला हलवायचे कसे?

अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत रस्ता नसलेल्या पाड्यांवरून रुग्ण बांबूच्या झोळीतून आणले जातात. बातम्यांत तिला उपरोधाने ‘बांबूलन्स’ म्हटले गेले. ती व्यवस्थेची नामुष्की आहे हे खरेच. पण डोंगरातील जखमी वाहून नेण्याचे जे कौशल्य शहरातून आलेल्या ट्रेकरकडे नसते, ते या माणसांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. काळोखात, निसरड्या वाटेवर, खांदे बदलत मैलोगणती चालण्याचे. कोणतीही बचाव योजना इथून सुरू व्हायला हवी.

झोळीची एक मर्यादा मात्र माहीत असायला हवी. कापड बांबूला टांगले की आतला माणूस धनुष्यासारखा वाकतो. ताप, अशक्तपणा किंवा बाळंतपणाच्या रुग्णाला ते चालून जाते. उंचावरून पडलेल्या, पाठीच्या कण्याला मार लागल्याची शंका असलेल्या किंवा मांडीचे हाड मोडलेल्या माणसाला ते घातक ठरू शकते. अशा वेळी गावातील खाट, दाराची फळी किंवा दोन बांबूंना आडव्या काठ्या घट्ट बांधून केलेली शिडी, त्यावर गोधड्या, असा सपाट आधार हवा. उचलताना तिघा-चौघांनी डोके, छाती, कंबर आणि पाय एका रेषेत ठेवून, एकाच्या हुकमावर, एकदम वळवायचे. डोके धरणाऱ्याचा हुकूम चालतो. शिडीवर घेतल्यावर जखमीला पट्ट्यांनी किंवा साडीच्या पट्टीने बांधायचे, नाहीतर उतारावर तो पायाकडे घसरतो. सहा जण उचलणारे आणि तितकेच बदलीला. खडबडीत वाटेवर एक किलोमीटरला तास गेला तरी नवल नाही. चौघांच्या गटाने म्हणूनच आपल्या जखमीला आपणच उतरवू असे गृहीत धरू नये.

त्याआधी ठरवावे लागते की पाय मुरगळला आहे की मोडला. जगभर डॉक्टर वापरतात ती कसोटी सोपी आहे. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर आणि टोकावर दाबून पाहायचे. हाडावरच तीव्र वेदना झाली किंवा माणसाला चार पावलेही टाकता आली नाहीत तर हाड मोडल्याचे समजून चालायचे, बूट लगेच न काढता आधार बांधायचा. वेदना फक्त मऊ भागात असेल, चार पावले टाकता येत असतील तर घट्ट पट्टी बांधून, ओझे दुसऱ्याला देऊन, काठीच्या आधाराने सावकाश उतरता येते. मोडलेल्या हाडाला काठी, गुंडाळलेली चटई, अगदी दुसरा पायही आधार म्हणून बांधता येतो. बांधल्यावर बोटांचा रंग आणि ऊब दर थोड्या वेळाने पाहायची, बोटे निळी-गार पडली तर पट्टी सैल करायची.

वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड आणि तळहाताचा सलग दाब, किमान दहा मिनिटे, मधे उचलून न पाहता. डोक्याला मार लागून माणूस क्षणभरही बेशुद्ध झाला, उलटी झाली, झोपाळला तर तो ‘आता ठीक आहे’ म्हणाला तरी ट्रेक तिथेच संपला. हळद, माती, चुना हे काहीही जखमेवर जाऊ नये.

मदत बोलवायची कुणाला?

११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि १०८ ची रुग्णवाहिका, हे पहिले दोन. महाराष्ट्रातील गिर्यारोहण संस्थांनी मिळून उभारलेल्या महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा ७६२०२३०२३१ हा क्रमांक ट्रेकरच्या फोनमध्ये असतोच. या केंद्रामार्फत घटनास्थळाजवळचे पथक शोधून धाडले जाते. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स अशा पथकांनी दऱ्यांतून जखमी आणि मृतदेह बाहेर काढण्याचे काम वर्षानुवर्षे, बहुतांशी विनामोबदला केले आहे. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, त्या रात्री पावसात डोंगर चढून गेलेल्यांत स्थानिक गिर्यारोहक होते.

या नावांकडे पाहिले की नकाशाही दिसतो. ही पथके मुंबई, पुणे, रायगड, सातारा या पट्ट्यातील. नाशिकहूनही तोरणमाळ जवळपास तीनशे किलोमीटर पडते. म्हणजे पथक तातडीने निघाले तरी सहा-सात तास. उंचावरून पडलेल्या, आतून रक्तस्राव होणाऱ्या जखमीकडे इतका वेळ नसतो.

त्यातही आधी फोन लागायला हवा. अक्राणीच्या दऱ्यांत अनेक ठिकाणी रेंज नसते. ११२ कोणत्याही उपलब्ध नेटवर्कवरून जोडला जातो, पण एकही नेटवर्क नसेल तर तोही हतबल. अशा वेळी बोलण्यापुरती रेंज नसतानाही एसएमएस कधीकधी जातो. त्यात ठिकाण, जखमींची संख्या, दुखापत आणि वेळ एवढे असावे. आंतरराष्ट्रीय संकेत मिनिटाला सहा शिट्ट्या किंवा विजेरीचे सहा झोत, मग मिनिटभर विश्रांती आणि पुन्हा सहा, असा आहे. उत्तर देणारा मिनिटाला तीन देतो. दहा-वीस रुपयांची शिटी इथे महागड्या फोनपेक्षा भरवशाची. आणि निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात कुणाला तरी सांगून ठेवायचे की अमुक वाटेने जातो, संध्याकाळी सहापर्यंत परतलो नाही तर शोधा. गावातला वाटाड्या सोबत घेतला तर हा प्रश्न निम्म्याहून जास्त सुटतो. वाट चुकत नाही, आणि संकटात गावाला हाक मारणारा गावातलाच असतो. शहरी गट त्याची मजुरी वाचवतात ती भलत्याच ठिकाणी काटकसर आहे.

नियम आहेत, मग ते लागू कुणाला?

राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. जमीन, पाणी आणि हवेतील साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, प्रशिक्षित मार्गदर्शक आणि प्रमाणित साधने ठेवावीत, आपत्कालीन तयारी असावी, ही त्याची दिशा. त्यामुळे ट्रेकला नेणाऱ्या संस्थेकडे नोंदणी प्रमाणपत्र, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला माणूस आणि विमा आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारणे हा ग्राहकाचा हक्क ठरतो. विचारल्यावर संयोजक चिडला तर तेही उत्तरच.

पण तोरणमाळ-अस्तंब्यात जाणारे बहुसंख्य लोक कोणत्याही संयोजकाचे ग्राहक नसतात. कुटुंब घेऊन आलेला पर्यटक, यात्रेकरू, आणि रोज डोंगर चढउतार करणारा पाड्यावरचा रहिवासी. या तिघांनाही धोरणाचा स्पर्श होत नाही. यात्रेपुरती व्यवस्था जिल्हा प्रशासनाकडे येते, आणि तिथे गिर्यारोहकांचे ज्ञान उपयोगी पडू शकते. चढण्याची आणि उतरण्याची वाट वेगळी ठेवणे, घसाऱ्याच्या टप्प्यांवर दोर बांधून माणूस उभा करणे, अर्ध्या डोंगरावर सपाट स्ट्रेचर आणि प्रथमोपचार ठेवणे, अंधारात खाली उतरणे थांबवणे. यातील कशालाच मोठा निधी लागत नाही.

मनुष्यबळाचा प्रश्न तर मुळातच नसावा. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मधून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. त्याआधी त्यांना गिर्यारोहणाचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण देण्यात आले होते. आदिवासी मुलांना ८८४८ मीटरवर नेण्याची तयारी शासन करू शकते, तर धडगाव आणि तोरणमाळच्या वीस-पंचवीस तरुणांना दोर, स्ट्रेचर आणि प्रथमोपचार शिकवून, त्यांना मानधन आणि साधने देऊन कायमचे पथक उभारणे त्याहून कितीतरी स्वस्त पडेल. एव्हरेस्ट मोहिमेची बातमी होते, पथकाची होत नाही, एवढाच काय तो फरक. दरम्यान धडगावच्या रस्त्यावर पावसाळ्यात दरडी येतच राहतात, आणि पुढच्या धनत्रयोदशीला पिकअप गाड्या पुन्हा भरून निघतील.